तिसरा शब्द

(आपल्या दिंडीच्या शताब्दी सप्ताहात नव्या कीर्तनकारांच्या बैठकीत केलेलं भाषण. नातीनं मोबाइलवरून ऐकून वहीत उतरवलं. मी तिच्याकडून वाचून घेतलं, दोन-चार ठिकाणी नीट केलं, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

राम कृष्ण हरी, माउली.



मी शेतकरी माणूस. शाळा चौथीपर्यंत. पाचवीचा वर्ग शेजारच्या गावाला होता आणि घरात गुरं राखायला दुसरं कोणी नव्हतं, एवढंच कारण. तेव्हा शास्त्र सांगायला मी उभा नाही. महिन्याखाली या पोरांनी मला गाठलं. म्हणाली, 'महाराज, तुम्ही बोलता बोलता तीन शब्द एका पाठोपाठ टाकता आणि मंडप डोलतो. ते कसं करायचं तेवढं आम्हाला सांगा.' म्हणलं, सांगतो. पण ते सांगायचं तर त्याच तीन शब्दांनी माझ्या हातून एकदा काय झालं तेही सांगावं लागेल. ते जरा पुढं येईल.

आधी आपल्याच तोंडाकडं बघा. आत्ता मी उभा राहिलो आणि काय म्हणालो? राम कृष्ण हरी. तीन नावं. तुकोबारायांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात येऊन हाच मंत्र दिला, माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी. देवाला नावांचा काय तोटा आहे? विष्णुसहस्रनामात हजार आहेत. पण दिली तीन. वारीत चालताना ज्ञानोबा माउली तुकाराम म्हणतो, तेही मोजा. ज्ञानेश्वरी उघडली की पहिल्यांदा ओंकाराचा गणपती उभा राहतो, त्याचे अकार, उकार, मकार असे तीन भाग माउली दाखवतात. गीतेच्या सतराव्या अध्यायात ब्रह्माचं नाव सांगितलं, ओम तत् सत्, ते तीनच. त्याच अध्यायात श्रद्धा तीन तऱ्हेची, आहार तीन तऱ्हेचा, दान तीन तऱ्हेचं. शांतीसुद्धा आपण तीनदा म्हणतो, कारण ताप तीन आहेत.

आता कोणी म्हणेल, बाबा, आपल्यात तर तीन तिघाडा काम बिघाडा म्हणतात. खरं आहे. माझी आई ताटात तीन भाकरी एकदम कधी वाढायची नाही. तिसरी द्यायची असली तर मोडून द्यायची. देवाच्या नावाला तीन चालतात आणि ताटात चालत नाहीत, याचा मेळ मला आजवर लागला नाही. तो सोडून देऊ.

तीनच का, हे मला पुस्तकात सापडलं नाही. वारीच्या मुक्कामावर सापडलं. पहिल्यांदा दिंडीत आलो तेव्हा स्वयंपाकाला गॅस नव्हता. मुक्कामाच्या रानात ट्रक थांबला की आम्ही पोरं दगड गोळा करायला पळायचो. आचारी सांगायचा, तीन आणा. दोन दगडांवर पातेलं लवंडतं हे कोणालाही कळतं. मी एकदा शहाणपणा करून चार आणले. जमीन उंचसखल, पातेलं डुगडुग हलायला लागलं. कधी या दगडावर टेकायचं, कधी त्या. आचाऱ्यानं चौथा दगड लाथेनं काढून टाकला आणि पातेलं गप बसलं. जमीन कशीही असू द्या, तीन दगड तिन्ही टेकतात. चौथा अधांतरी राहतो.

ऐकणाऱ्याचं मनही तसलंच उंचसखल रान आहे. तुम्ही दोन शब्द दिले की तो तराजू धरून बसतो. पाप-पुण्य, सुख-दुःख. यातलं कुठलं, याच्यापेक्षा ते बरं का, हा विचार त्याच्या डोक्यात चालू होतो. चार दिले की त्यातला एक सांडतो. घरी जाऊन बायकोला सांगताना तो बोटं मोजतो आणि चौथ्याला अडतो. तीन मात्र घरापर्यंत पोचतात. बोटाला पेरंसुद्धा तीनच आहेत. अंगठा टेकवत टेकवत माणूस सांगतो.

अजून एक गोष्ट. लहानपणी शर्यत लावताना काय म्हणायचो? एक, दोन, साडेमाडे तीन! पळणारा कधी पुढं झुकतो? तीनवर नाही झुकत. दोन म्हटलं की त्याचं अंग पुढं गेलेलं असतं, आणि मग ते साडेमाडे म्हणून आपण त्याला तिथंच ताणून धरतो. कीर्तनात हेच होतं. पहिल्या शब्दाला श्रोता ऐकतो. दुसऱ्याला त्याला चाल सापडते. आणि तिसरा येण्याआधीच तो वाट बघत असतो. कधी कधी त्याच्या ओठावरही आलेला असतो. तुम्ही तो टाकला की त्याला वाटतं, हे तर माझ्याच मनातलं बोलले. टाळी तुम्हाला नसते बरं का, ती त्याची त्यालाच असते.

मात्र एक बघा. आपण घरात तीनात बोलत नाही. घरातली भाषा जोडीची. भाजी-भाकरी, गुरं-ढोरं, बी-बियाणं, देणं-घेणं, लेकी-सुना. बायको कधी 'भाजी, भाकरी आणि ठेचा, या त्रिवेणीचा लाभ घ्या' असं म्हणत नाही. म्हणाली तर समजावं, कोणीतरी पाहुणं आलंय. माणूस घरात दोनात बोलतो आणि चारचौघांत उभा राहिला की तीनात. म्हणजे तीन ही व्यासपीठाची भाषा झाली. हे ध्यानात असू द्या, मला ते फार उशिरा ध्यानात आलं.

आता करायचं कसं, ते सांगतो.

क्रम बघायचा. अन्न, वस्त्र, निवारा. उलटं म्हणून बघा, निवारा, वस्त्र, अन्न. पडलं ना? पहिलं कारण कानाचं. दोन अक्षरं, दोन अक्षरं आणि शेवटी तीन. जड शब्द शेवटी ठेवला की ओझं खाली ठेवल्यासारखं वाटतं. दुसरं कारण पोटाचं. अन्न नसलं तर बाकी दोन्ही काय करायचे? कान आणि पोट दोन्हींनी एकच क्रम सांगितला, म्हणून ते तीन शब्द टिकले. जयंतीच्या मिरवणुकीत आमच्या गावातली पोरं बाबासाहेबांची घोषणा देतात: शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. त्यातही पायऱ्या आहेत. शिकल्याशिवाय संघटित झालं तर नुसती गर्दी. आणि शब्दसुद्धा लहानाकडून मोठ्याकडं जातात.

कधी कधी तिसरा शब्द मागून येतो. शास्त्रीजींनी १९६५ साली जय जवान, जय किसान म्हटलं. दोनच होते. तेहतीस वर्षांनी, १९९८ साली, पोखरणच्या स्फोटानंतर वाजपेयीजींनी त्याला जय विज्ञान जोडलं. यमक जुळलं म्हणून लोकांनी घेतलं. पण आमच्या पिढीच्या शेतकऱ्याला विचारा, तो अजून दोनवरच थांबतो.

म्हणींतही आहे. उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी. तीन पायऱ्यांची म्हण. आता मुलासाठी मुलगी बघायला गेलं की पाहुणे ती खालून वर वाचतात.

(हशा झाला म्हणून इथं थांबलो होतो. हशा झाला की थांबावं, हेही पोरांनो शिकून घ्या.)

आणि संतांचं बघा. मोठ्या अभंगाची मोजणी तुम्हाला माहीत आहे. पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चारचा. ज्ञानेश्वरीच्या ओवीतही पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि बिनयमकाचा. माझ्या गुरुजींनी मला हे बोटावर मोजून शिकवलं, मी बारा-तेरा वर्षांचा होतो. तेव्हा विचारलं, 'चौथ्यालाही सहा का दिली नाहीत?' ते म्हणाले, 'तू म्हणून बघ.' मी म्हणून बघितलं. तीन सारखे चरण म्हटले की जीभ धावायला लागते, चालीच्या नादात चौथाही तसाच काढावासा वाटतो. तिथं संतांनी लगाम ओढलाय. तीनदा झोका घ्यायचा आणि चौथ्याला पाय जमिनीला टेकवायचे. आम्हा वक्त्यांना तो चौथा चरण नाही. आम्ही झोक्यावरून थेट टाळीत उतरतो. माझं तेच झालं.

ते सांगायच्या आधी तिफणीचं सांगतो, म्हणजे तुम्हाला कळेल. ट्रॅक्टरवाल्या पोरांनी तिफण बघितली नसेल. बैलांच्या मागं तीन फणांचं लाकडी औत. प्रत्येक फणामागं एक पोकळ नळा आणि वर तिन्ही नळ्यांचं मिळून एक चाडं. आमच्यात चाड्यावर मूठ आई धरायची. एका मुठीतून बी सोडायचं आणि ते तिन्ही नळ्यांत सारखं गेलं पाहिजे. मोठं कसब आहे ते. बाप कासरा धरून पुढं आणि मी मागं. माझं काम काय, तर तिन्ही तासांत बी पडतंय का ते बघत यायचं. कारण ओल्या मातीनं एखादा नळा बुजतो. नळा बुजला तरी औत तसंच चालतं, बैल तसेच चालतात, घुंगरं तशीच वाजतात, आईची मूठ तशीच हलते. जमिनीवर तीन रेघा तीन दिसतात. कळतं कधी? आठ-दहा दिवसांनी. दोन तास हिरवे आणि तिसरा कोरा. मग बाप माझ्याकडं बघायचा. मारायचा नाही, नुसता बघायचा.

आता माझी गोष्ट. गाव सांगत नाही, नाव सांगत नाही. जिची आहे तिला विचारून सांगतोय.

आमच्या गावची एक लेक, मला लहानपणापासून तात्या म्हणणारी. सहा कोसांवर दिली होती. लागोपाठ दोन वर्षं पाऊस दगा देऊन गेला, तेव्हा तिच्या नवऱ्यानं आपला जीव दिला. दहाव्याला प्रवचन माझं. जावयाला मी लग्नात बघितलं होतं, नंतर दोन-चारदा, जास्त ओळख नाही. मोटारसायकलवर मागं बसून चाललो होतो आणि डोक्यात प्रवचनाची जुळणी चालली होती. देणं आलं. दुष्काळ आला. दोन्ही खरे होते. दोन्हीला द होता. म्हणलं, अजून एक द पाहिजे. दैव घ्यावं का? दैवावर ढकललं की माणसं नुसती उसासे टाकतात, शिकत काही नाहीत. मग दारू आली. कशी पटकन बसली! देणं, दुष्काळ आणि दारू. मी मनातल्या मनात दोनदा म्हणून बघितलं. घाटावर पोचलो तेव्हा मला माझाच आनंद झाला होता. दहाव्याला चाललेल्या माणसाला आनंद. बघा.

बोललो. पाचशे माणूस असेल. तीन शब्द टाकले आणि सगळा घाट माना हलवायला लागला. माझ्यानंतर एक पुढारी श्रद्धांजलीला उठले, त्यांनी तेच तीन शब्द उचलले आणि व्यसनमुक्तीवर बोलले. मला बरं वाटलं.

दीड-दोन महिन्यांनी ती माहेरी आली होती. संध्याकाळी माझ्या ओट्यावर आली. पाया पडली. बसली नाही. एरवी तात्या म्हणायची, त्या दिवशी महाराज म्हणाली.

'महाराज, देणं होतं. सोसायटीचं होतं, सावकाराचं होतं. पाऊस नव्हता. पण तिसरं कुठनं आणलं?'

मी गप्प.

'माळकरी होते ते. चहासुद्धा बाहेर घेत न्हवते. तुम्हाला कुणी सांगितलं?'

कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. काय सांगणार होतो तिला? पोरी, अक्षर जुळत होतं म्हणून तुझ्या नवऱ्याला दारू पाजली? तिची थोरली मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची. बघायला आलेले पाहुणे उठताना म्हणाले होते, वडील पीत होते म्हणे. नंतर त्यांचा निरोपच आला नाही. हे ती रडून बोलली नाही. हिशेब सांगावा तसं बोलली. आणि जाताना म्हणाली, 'दोनच पुरेशी होती माणूस न्यायला. तिसऱ्याची गरज न्हवती.'

घरात लोक दोनात बोलतात म्हणालो ना मघाशी, ते मला त्या संध्याकाळी ध्यानात आलं.

मी त्या पाहुण्यांच्या घरी गेलो. सांगितलं, चूक माझी, माणूस निर्व्यसनी होता. त्यांनी चहा पाजला, हो हो म्हणाले. जमलं नाही. वर्षश्राद्धाला मीच मागून कीर्तनाची सेवा घेतली, बिदागी न घेता. ती नको म्हणाली असती तर तो तिचा हक्क होता, पण तिनं येऊ दिलं. अभंग लावायच्या आधी, टाळ थांबवून, मी सांगितलं: गेल्या वर्षी मी इथं तीन शब्द बोललो, त्यातला तिसरा खोटा होता, तो मी परत घेतो. लोक ऐकत होते. कोणी मान हलवली नाही. मागं कोणीतरी म्हणालं, महाराज मोठ्या मनाचे. मला ते टोचलं. अजून एक गोष्ट कळली. त्या तीन शब्दांना चाल होती म्हणून ते सहा कोस चालत गेले. माझ्या दुरुस्तीला चाल नव्हती. ती त्या मांडवातच राहिली.

त्यानंतर एक सवय लावून घेतली आहे. तिसरा शब्द हाताखाली झाकतो आणि पहिल्या दोनांकडं बघतो. काही कमी पडतंय का? नसलं पडत तर तिसरा नको. आणि पडत असलं तर तो मी बघितलाय का, की नुसता ऐकायला बरा आहे? मग माझी कितीतरी वाक्यं लंगडी झाली. मध्यंतरी दोन वर्षं लोक म्हणायचे, महाराज पूर्वीसारखे राहिले नाहीत. आपल्या दिंडीतल्याच एका जुन्या टाळकऱ्यानं तोंडावर सांगितलं, 'तुमचं दोनावर थांबतं, आमची टाळी हातात राहते.' म्हणलं, राहू द्या हातात.

पण तीन सोडा असं मी म्हणत नाही. खरा तिसरा शब्द असतो, आणि तो असला की मग काही बघायला नको. आमच्या वयाच्या कोणालाही १९७२ चा दुष्काळ विचारा. तो म्हणेल, खडी, सुकडी, मिलो. झालं, सगळा दुष्काळ आला. खडी आम्ही फोडली आहे, माझ्या आईच्या हाताचे फोड मी बघितलेत. कामावर सुकडी मिळायची, ती आम्ही पोरं पदरात आणलेली खाऊन टाकायचो. आणि मिलो म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, तिची भाकर थापता थापता चिरायची. या तीन शब्दांत एक द नाही, यमक धड नाही, पण त्यातला एक काढून बघा. निघत नाही. ते कोणी मोटारसायकलवर बसून जुळवले नव्हते.

तुकोबांनी हरिकथेला त्रिवेणीची उपमा दिली आहे. देव, भक्त आणि नाम या तीन नद्या. प्रयागला गेलेल्यांना विचारा, गंगा दिसते, यमुना दिसते, दोघींच्या पाण्याचा रंगही वेगळा दिसतो. तिसरी सरस्वती दिसत नाही, ती गुप्त आहे म्हणतात. तुकोबांनी तिसऱ्या जागी नाम ठेवलं. मी काय ठेवलं ते तुम्ही ऐकलंत.

पोरांनो, तुमचे व्हिडिओ नातवंडं मला दाखवतात. माय, माती, माणसं चाललंय, संस्कार, संस्कृती, संयम चाललंय. चालू द्या, आवाज गोड आहेत तुमचे. फक्त बोलून झालं की एकदा मागं वळून तिसऱ्या तासाकडं बघत जा. माझा मागचा पोरगा त्या दिवशी झोपला होता.

त्या लेकीच्या मुलीचं लग्न झालं, दोन वर्षांनी, दुसऱ्या जिल्ह्यात. बरी आहे. आता ती माउली मला परत तात्या म्हणते.

पण गेल्या पौषात मी तालुक्याच्या स्टँडवर बसलो होतो. एक मास्तर दिसणारे गृहस्थ आले, पाया पडले. म्हणाले, 'महाराज, तुमचं ते देणं, दुष्काळ आणि दारू मी शाळेत दरवर्षी सांगतो. पोरांना तोंडपाठ आहे.' मी त्यांना शेजारी बसवलं, दोन चहा सांगितले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांची गाडी निघून गेली.

राम कृष्ण हरी.